प्रभावहिनींनी बिऱ्हाड हलवलं

“ही पाहुण्यांची खोली,” प्रभावहिनी म्हणाल्या आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही आले की इथं उतरत जा.”

खोलीला अजून दार बसलं नव्हतं. खिडकीत सिमेंटचं अर्धं पोतं उभं होतं आणि त्यावर एक वानर बसून आम्हा चौघांना न्याहाळत होतं. मी म्हटलं, “पाहुणे तर आधीच येऊन बसले.” नाना हसले, आमचे हे हसले. वहिनी हसल्या नाहीत.

प्रभावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. अमरावतीला आम्हा मोहरिलांचं दुमजली घर होतं. खाली माझे थोरले दीर नाना आणि वहिनी, वर मी आणि हे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्या डोक्यावर राहत होते आणि त्या मला पाण्यात पाहत होत्या. तोंडदेखलं गोड बोलायची सवय दोघींनाही नव्हती, एवढीच एक गोष्ट आमच्यात सारखी.

नाना वीज मंडळातून नुकतेच निवृत्त झाले होते. मागे कधीतरी परतवाड्याला बदली होती तेव्हा त्यांनी चिखलदऱ्याला एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर आता दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभं राहत होतं. म्हातारपण वर डोंगरात काढायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण नाना एक पाऊल उचलायला दहा दिवस विचार करणारे. ते म्हणत, “पोरगी द्यायची तं लोक स्थळ तीनदा पाहून येतात. गावाचंही तसंच. उन्हाळ्यात पाहू, पावसाळ्यात पाहू, थंडीत पाहू. मग बिऱ्हाड हलवू.” त्यातला हा पहिला फेरा. खाली अमरावतीला उन्हानं डोकं फिरत होतं आणि इथं बरा वारा सुटला होता. नाना खुशीत होते.

“आणि महालक्ष्म्यांचं काय?” मी विचारलं. दुसरं काही विचारायला मी आलेच नव्हते.

भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. मुखवटे कागदाच्या लगद्याचे, आमच्या सासूबाईंच्याही सासूबाईंच्या वेळचे. तीन दिवस त्या घरात असतात आणि मधल्या दिवशी सगळे मोहरील, त्यांच्या लेकी, जावई, व्याही जेवायला येतात. मुखवटे ज्या घरात, ते मूळ घर. बाकीचे सगळे ताटावर येऊन बसणारे. सासूबाई गेल्यावर मुखवटे वहिनींकडे आले आणि त्यांनी वाटणी करून टाकली: ज्येष्ठेला त्या नेसवणार, कनिष्ठेला मी. ज्येष्ठेला मला कधी बोट लावता आलं नाही. नथ तिरकी झालेली दिसली आणि मी हात पुढे केला की, “राहू दे, मी करते.” भाज्या चिरायला मी, वाटण वाटायला मी, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायच्या, प्रभाबाई, काय सुरेख नेसवली हो ज्येष्ठा. मला ती ज्येष्ठा हवी होती. मला मूळ घर हवं होतं. त्यात लाजण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही.

“महालक्ष्म्या माझ्यासोबत येतील,” वहिनी म्हणाल्या. “मी जिथं राहीन ते मूळ घर.”

“म्हणजे आम्ही दर भाद्रपदात घाट चढून जेवायला यायचं? पाहुण्यांच्या खोलीत उतरून?”

“नसेल जमत तं नको येऊ. तुझ्यावाचून काही अडून राहत नाही. चार माणसांचं पुरण शिजवायला बसली तं खाली लागते तुझं.”

एकदा लागलं होतं. एकदाच. ती गोष्ट त्या दरवर्षी नव्यानं सांगत.

उतरताना जीपमध्ये हे मला म्हणाले, “जाऊ दे नं वर. तुझंच काम कमी होईल.” पुरुषांना वाटतं, काम म्हणजे नुसतं काम. घाटाच्या वळणावळणावर मी एकच मनाशी घोटत होते, हे मुखवटे हा घाट चढणार नाहीत.

दुसरा फेरा श्रावणात झाला. घर पुरं झालं होतं. नानांचं म्हणणं, आता आठ दिवस राहूनच पाहू, पावसाळा पचला तर गाव पचलं.

पचण्यासारखं तिथं काही नव्हतं. धुकं दार ढकलून आत यायचं आणि आम्हाला विचारल्याशिवाय बसून राहायचं. आगपेटीतली काडी पेटत नव्हती. मिठाला पाणी सुटलं, पापड फडक्यासारखे झाले, आणि दोरीवर टाकलेलं लुगडं चौथ्या दिवशीही ओलं होतं. नाना आणि हे शाली पांघरून पत्ते कुटत बसले. मी मनातल्या मनात खूश होते. इथं महालक्ष्म्यांचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक करून दाखवा म्हणावं.

पहिल्याच दिवशी वहिनींनी लोखंडी पेटी उघडली आणि आतून जुन्या शालूत गुंडाळलेलं काही बाहेर काढलं. शालू बाजूला झाला तशी मी उभीच राहिले. मुखवटे होते. वर्षभर देवघराच्या माळ्यावरून जे खाली उतरत नाहीत, ते मुखवटे वहिनींनी पेटीत घालून घाटावर आणले होते.

“वहिनी, अहो, भाद्रपदाआधी बाहेर काढले?”

“जागा ठरवून ठेवते. बसवायच्या कुठं ते समजायला नको?”

पश्चिमेच्या भिंतीत एक लाकडी फळी ठोकली होती. त्यांनी दोघींना त्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवलं आणि वरून शालू टाकला.

“ती भिंत पाझरते आहे,” मी म्हटलं.

“मला नको शिकवू.”

नाही शिकवलं. गप्प बसण्यात माझा फायदा आहे हे कळण्याइतकी अक्कल मला होती. दोन दिवस मी त्या फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी अंघोळीला गेल्या आणि मी शालू उचलला. ज्येष्ठेच्या उजव्या गालावर पांढरी बुरशी पसरली होती. हनुवटीला बोट लावलं तर रंग बोटाला आला. वाटलं, आता बाई सापडली.

मी हाका मारून सगळ्यांना जमवलं. वहिनी ओल्या केसांनी बाहेर आल्या.

“पाहा,” मी म्हटलं. “पाहा तुमचं मूळ घर. चार दिवसांत देवीच्या तोंडाला बुरशी आणली. पणजीनं जपलेलं, आजीनं जपलेलं, आणि तुम्हाला डोंगर पाहायचा म्हणून त्याचं हे असं.”

“रजनी, जरा हळू बोल,” हे म्हणाले.

“हळू कशाला? ज्येष्ठेला मी बोट लावलं तर यांच्या अंगावर काटा येतो. आणि स्वतः ओल्या भिंतीला नेऊन ठेवलं.”

मला वाटलं होतं आता त्या मला फाडून खातील. वहिनी पाटावर बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “माझंच चुकलं.”

हे दोन शब्द मी त्या बाईंच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. तिथंच मला संशय यायला हवा होता. पण जिंकणाऱ्या माणसाला संशय येत नाही.

“मुखवटे मी परत घेऊन जाते,” मी म्हटलं. “आता ते अमरावतीलाच राहतील. माझ्याकडे.”

वहिनींनी पदर खाली केला. डोळे कोरडे होते की ओले, मी पाहिलं नाही. “तुझ्याच्यानं नाही होणार,” त्या म्हणाल्या. “सोळा भाज्या, सोवळं, साठ माणसं. आणि दरवर्षी. हौस दोन वर्षं टिकते. तिसऱ्या वर्षी कंबर धरून माझ्या दारात आणून टाकशील.”

“मरेपर्यंत करीन.”

“रागात बोलून राहिली तू.”

“शुद्धीत बोलते आहे. मरेपर्यंत करीन.”

“अहो, ऐकलं नं?” वहिनी नानांना म्हणाल्या. “भाऊजी, तुम्हीही ऐकलं नं?”

दोघांनी माना हलवल्या. नानांच्या हातात पत्ते तसेच होते.

उतरताना पेटी मी माझ्या मांडीवर घेतली. हे म्हणाले, मागे ठेव, पाय अवघडतील. मी ठेवली नाही. परतवाडा येईपर्यंत पायांना मुंग्या आल्या होत्या आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

तरी वहिनींनी सुखासुखी सोडलं नाही. घरी आल्यावर त्यांनी यमूआत्यांना बोलावून घेतलं. या सासऱ्यांच्या बहीण, मोहरिलांमध्ये सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या शब्दावर कोणी शब्द बोलत नसे. आत्यांनी मुखवटे पाहिले, बुरशीवरून बोट फिरवलं आणि वहिनींना विचारलं, “प्रभा, मनापासून देते का हिला?”

“मनापासून कशाला देऊ, आत्या? मी देतच नाही. ही हिसकावून घेऊन राहिली. माझा काय इलाज आहे?”

आत्या माझ्याकडे वळल्या. “मोठ्या जावेच्या हातून हिसकावते?”

“त्यांनी नासवले म्हणून घेते,” मी म्हटलं.

आत्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. पण अर्धवट काम नको. आज इकडे, उद्या तिकडे, असं देवाचं चालत नाही. प्रभा, पाणी सोड. रजनी, तू ओंजळीत घे. मग मागे फिरायचं नाही, दोघींनीही.”

आमच्याकडे हक्क सोडायचा तो असाच, देवासमोर तळहातावरून पाणी सोडून. मी पळीपंचपात्र आणायला उठले. वहिनींनी ते आधीच आणून पाटाशी ठेवलं होतं. वहिनींनी म्हणायचे शब्द आत्या सांगत होत्या; त्यांचं “माझा हक्क” पुरतं म्हणून व्हायच्या आत वहिनींच्या हातावरून पाणी ओघळून माझ्या ओंजळीत आलं होतं.

तो आठवडा मी हवेत होते, खोटं कशाला सांगू. बुरशी कापसानं पुसली, सावलीत मुखवटा सुकवला आणि ज्येष्ठेचा गाल माझ्या हातानं रंगवला. मी कन्याशाळेत चित्रकला शिकवत असे, पण इतका वेळ लावून मी आयुष्यात काही रंगवलं नव्हतं. डोळ्यांच्या कडा ओढताना श्वास रोखून धरला. माझी झाली, असं मी चक्क मोठ्यानं म्हटलं.

मी रंग वाळवत होते तेव्हा खाली ट्रक येऊन उभा राहिला. वहिनी बिऱ्हाड हलवत होत्या.

गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. भर श्रावणात कोणी चिखलदऱ्याला राहायला जातं का? नाना कुरकुरत होते, थंडीतलं पाहायचं राहिलं म्हणून. आत्यांनी निरोप पाठवला, निदान महालक्ष्म्या होऊ दे, रजनीची पहिलीच वेळ आहे, मग जा. वहिनींनी दारोदार जाऊन निरोप घेतला आणि प्रत्येक दारात एकच सांगितलं, “पाणी सोडलं मी. आता या घरात माझं काय आहे?”

झालं. धाकट्या जावेनं मोठीला भरपावसात घराबाहेर काढलं, हे दुसऱ्या दिवशी भाजीवालीलाही माहीत होतं. माझ्याशी बायका बोलायच्या बंद झाल्या. मी कोणाकोणाला सांगणार? ट्रक निघाला तेव्हा वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मी फाटकाशी उभी होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मग भाद्रपद आला.

सोळा भाज्या म्हणजे काय हे मला ठाऊक होतं असं मी समजत होते. चिरून देणं वेगळं आणि चुलीशी उभं राहणं वेगळं. पहाटे ओल्या अंगानं सोवळं नेसून मी जी उभी राहिले ती राहिलेच. एकीकडे कढी, एकीकडे आंबील, एकीकडे वडे, आणि पुरणाचं पातेलं मला एकटीला उतरवत नव्हतं. वहिनींच्या हाताखाली मी होते. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. मला धाकटी जाऊ नव्हती. नणंदा जेवायला आल्या होत्या.

दहाच्या सुमारास नाना आणि वहिनी एस.टी.नं आले. वहिनींच्या हातावर स्वेटर होता. चेहरा उजळला होता, चक्क थोड्या भरल्यासारख्या दिसत होत्या. सगळ्या बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. “कसं होते हो तिकडे एकटीला?” “करमते का?” वहिनी खालच्या आवाजात म्हणत होत्या, “करमवून घ्यावं लागते.” आणि सगळ्याजणी स्वयंपाकघराकडे वळून माझ्याकडे पाहत होत्या.

पुरण खाली लागायला आलं होतं. मी मान वाकवली. माझ्यासारखीनं वाकवली.

“वहिनी, जरा पुरणाकडे पाहता?”

त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. आत पाऊल टाकलं नाही. “मी पाणी सोडलं, रजनी. आता हात लावला तं मला दोष लागते.”

पहिल्या पंगतीला त्या मधल्या पाटावर बसल्या. सावकाश जेवल्या. कढीत मीठ कमी आहे हे त्यांनीच सांगितलं. ते खरं होतं.

शेवटची पंगत बसली तेव्हा मी जास्तीच्या पत्रावळी आणायला मागच्या खोलीत गेले. वहिनी खाटेवर पाय लांब करून पडल्या होत्या.

“दार लोटून घे,” त्या म्हणाल्या. “गाल छान रंगवला तू. सासूबाईंच्या हयातीतही इतकी छान दिसत नव्हती.”

वर्षानुवर्षं मी ज्या एका वाक्याची वाट पाहिली ते असं आलं. आणि मला नुसती भीती वाटली.

“ती भिंत पाझरते हे तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं.

“घर मी बांधून घेतलं. मला नाही तं कोणाला ठाऊक असणार?”

“म्हणजे मुद्दाम ठेवले?”

“मुद्दाम.” त्या उठून बसल्या. “बस जरा. पंगतीला अजून भात व्हायचा आहे. तुझ्या लग्नाच्या आधीचं सांगते. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी माझा भाऊ वर्ध्याहून सकाळीच आला. बाबा गेले म्हणून सांगायला. सासूबाईंनी त्याला फाटकातच थांबवलं. लेकीच्या कानावर गेलं की लेकीला सूतक, आणि मी शिवलेला सारा स्वयंपाक मग फेकावा लागते. ऐकलं नाही तं सूतक नाही. म्हणून त्याला समोरच्या ओट्यावर बसवून ठेवलं. मी इथं हसून हसून पोळ्या वाढून राहिली होती. शेवटची पंगत उठली, खरकटं निघालं, मग मला सांगितलं. वर्ध्याला पोचली तेव्हा राख झाली होती.”

मी खाटेच्या कडेला टेकले.

“त्या दिवसापासून मला या दोघींचं तोंड पाहवत नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण दरवर्षी नेसवल्या. नथ घातली. तुला कधी हात लावू दिला नाही.”

“तेच तर. नको होत्या तर मला द्यायच्या.”

“दिल्या असत्या तं तू घेतल्या असत्या का? म्हणाली असती, वहिनी काम टाळून राहिल्या. आणि कुळातली देवी अशी कोणाच्या पदरात टाकता येत नाही, रजनी. दोष पोरांवर येते. कोणी हिसकावून नेली तं आपल्याकडे दोष नाही. आत्यांसमोर मी तेच म्हटलं, मी देत नाही, ही हिसकावते.” त्यांनी पदर सारखा केला. “आता माझ्या हातून हिसकावायची हिंमत असलेली बाई या कुळात एकच होती. तिला हाव सुटायची तेवढी वाट पाहिली.”

“मूर्ख सापडले मी तुम्हाला.”

“मूर्ख नाही. मूर्ख बाई मला चालली नसती, तिनं दोन वर्षांत परत आणल्या असत्या. मला हट्टी पाहिजे होती.”

बाहेरून कोणीतरी भात मागत होतं. त्यांच्या वडिलांचं मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. समोरच्या ओट्यावर दिवसभर बसलेला तो भाऊ मला दिसला. पण त्याहून जास्त राग आला. आपलं दुःख सांगून मला हलकं करायला त्या आल्या नव्हत्या. ओझं नीट बसलं आहे की नाही हे पाहायला आल्या होत्या. राग आजही आहे, तेवढाच.

“मी आत्यांना सांगेन,” मी म्हटलं.

“सांग. काय सांगशील? मोठ्या जावेकडून हिसकावलं आणि आता झेपत नाही म्हणून?”

मी पत्रावळी उचलल्या आणि भात वाढायला गेले.

त्यांची शेवटची एस.टी. संध्याकाळची होती. निघाल्या तेव्हा हळदीकुंकवाला गल्ली लोटली होती. मला नाही, ज्येष्ठेला पाहायला सगळ्या आल्या होत्या. मी वहिनींची ओटी भरली. मोठी जाऊ म्हटल्यावर वाकणं आलंच. तशी मी सगळ्यांसमोर वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला.

वहिनींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आवाज चढवला, शेवटच्या बाईला ऐकू जाईल इतका.

“अशाच दरवर्षी येऊ दे तुझ्या घरी. शंभर वर्षं जग आणि तुझ्याच हातानं करत राहा.”

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हणाली, हिनं इतकं करूनही किती मोठं मन हो. यमूआत्यांनी मान डोलावली. “मोठ्या जावेचा आशीर्वाद आहे, पोरी,” त्या मला म्हणाल्या. “लागल्याशिवाय राहत नाही.”

लागला. मला आता त्र्याहत्तरावं चालू आहे, आणि परवा महालक्ष्म्या आहेत.